बगळ्याच्या हातात बांगड्या

म्हातारीला मोबाइलमधलं काय कळतं, असं वाटत असेल तर ऐका. मी मोबाइलवर अल्बम करते. खाडीकाठी मीच टिपलेले पक्षी आणि घरच्यांचे फोटो, एकाच पानावर जोडून. कोणी शिकवलं नाही.

तर नातवाच्या लग्नात माझी धाकटी जाऊ शोभा व्याह्यांदेखत म्हणाली, "अक्कांचे पुरणाचे मांडे यंदा जाड झाले." मी तिच्याशी बोलणं टाकलं. लग्नाच्या फोटोत तिच्यावर एक बगळा चिकटवला आणि पान सगळ्या घरादाराला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शोभा कामरेजहून थेट माझ्या भेस्तानच्या दारात. मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "अक्का, हा बगळा बांगड्या कधीपासून घालायला लागला?"

तिचं मनगट झाकायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "बगळा माझा आहे. मी त्याला काहीही घालीन."

"झाकायचंच होतं, तर मोर तरी लावायचा!"

"मोराचा फोटो नाही माझ्याकडे."

"आमच्या बांधावर रोज येतो. या काढायला."

गेले. मोर काही आला नाही. शोभानं जेवायला मांडे वाढले. तेही जाडच होते.

मग तिथेच बसून मी तिच्यावरचा बगळा काढून टाकला आणि पान सगळ्यांना पुन्हा पाठवलं.