पोलादावरचा काळा पट्टा

—नाही हो साहेब, कुलूपच आहे, कडी वाजवून काय उपयोग. आई आजारी पडली म्हणून शास्त्रज्ञबुवा सकाळीच गेले. तुम्ही येणार म्हणून तुम्हाला द्यायची वस्तू माझ्याकडे ठेवलीय. बसा. वस्तू कसली—वीतभर पोलादाचा तुकडा, त्यावर बोटभर रुंद काळा पट्टा. तीन वर्षं हा माणूस पोलादावर लेसर मारतोय, आणि झालं काय, तर एक डाग. मी विचारलंही, पोलाद आधीच कडक, त्याला आणखी काय छळता? म्हणे, काकू, वरची कातडी तेवढी कडक करतो, आतून ते चिवटच राहतं. म्हटलं, आमच्या सासूबाई अशाच होत्या, त्यांना कुणी लेसर मारला नव्हता.

हे काम बंद करायचं की चालू ठेवायचं, ते ठरवणारे तुम्हीच ना? मला कसं कळलं? भिंत पातळ आहे, कानावर येतं. परवा आईला फोनवर सांगत होता, बंद झालं तर खोली सोडून तुझ्याकडे येतो. जाईना का. मला काय—संध्याकाळी एक कप चहा कमी टाकायचा.

हा घ्या तुकडा. असं काय बघताय? ओरखडे? ते होय… बरं, सांगते. दुसऱ्याची वस्तू मी घासल्याशिवाय परत देत नाही, मग भांडं असो की आणखी काही. हात लावू नका म्हणाला होता तो, पण असं काजळलेलं तुमच्या हातात द्यायचं म्हणजे—शोभतं का? तारेच्या घासणीनं वरची काजळी गेली, पण मेला पट्टा तसाच. मग आमच्या ह्यांनी कानस काढली. तीस वर्षं फिटर होते, कानस हातात आली की भानच राहत नाही. दोन्ही बाजूंचं पोलाद भराभर उतरलं, आणि पट्ट्यावर कानस नुसती घसरतेय, काचेवरून घसरावी तशी. अर्धा तास झटले, शेवटी म्हणाले, राहू दे, कानसच बोथट होईल. तेव्हा नासाडी केली ती आम्ही, साहेब. त्याच्यावर राग काढू नका, पोरगं मान मोडून काम करतं—म्हणजे, करत असेल, मला काय माहीत.

आता यात हसण्यासारखं काय आहे? काय—कानससुद्धा हवी? न्या, पण आठवणीनं परत आणा, ह्यांचा जीव आहे तिच्यात. फोन कुणाला लावताय, त्यालाच?

चालू ठेवायचं म्हणता?

मग सांगा की त्याला. घासणीचं तेवढं सांगू नका. आणि बाहेर जाऊन बोला, मला आधण ठेवायचंय.