सुगंधा गुरवीण आणि डावा कौल

बसा मंडळी, बसा! मागं खांबाला टेकलात ते पुढं या. बायकांच्या बाजूला जरा जागा करा, आजचं आख्यान त्यांचं आहे. आणि पुरुषमंडळी, डुलक्या काढू नका. आजचा आरोपी तुमच्यातच बसलाय!

तर प्रश्न असा. माणूस घाबरतो. घाबरला की टाळतो. आणि टाळलं की वर म्हणतो — देवाची इच्छा! आता मला सांगा, भीतीच्या कपाळाला गंध लावलं, की तिची भक्ती होते का हो? काय काका? मान तर हलवलीत, पण हो की नाही ते कळलं नाही! असू द्या. ऐका.

कोकणात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव. नाव घेत नाही, माणसं अजून आहेत तिथं. गावात माउलीचं देऊळ. काळ्या पाषाणाची मूर्ती, पुढं तेवती समई. आणि त्या देवळाचे गुरव, वासुदेव. पूजा त्यांची, देवीपुढं गावाचं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी, कौल लावायचा मान त्यांचा. घाटावरच्या मंडळींना कौल ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मूर्तीच्या उजव्या अंगाला एक ओली पाकळी चिकटवायची, डाव्या अंगाला एक. मग प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली — देवी हो म्हणाली! डावी पडली — नको! लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, सगळं गाव त्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसायचं.

त्यांची बायको सुगंधा. पहाटे उठून फुलं वेचायची, निवडायची, तबकात लावायची आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवायची. आत जायचं नाही! बाईमाणूस ना! संसार सगळा त्या देवीच्या जिवावर, पण देवीला बघितलं ते उंबऱ्याबाहेरूनच.

एके दिवशी न्हाताना तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या स्तनात. — अरेच्चा! माना का खाली गेल्या? शब्द ऐकून लाजलात? अहो, तिथलंच दूध पिऊन एवढे थोराड झालात, तेव्हा नाही लाज वाटली!

गाठ बोराएवढी. दुखत नाही, खुपत नाही. तीच तर फसवणूक! आपलं कसं असतं? मोटारसायकलचा आवाज जरा बदलला की गडी धावतच गॅरेजला. आणि बायको म्हणाली बरं वाटत नाही, तर म्हणतो — बाम लाव! पण वासुदेव तसा नव्हता हो. मी त्याला उगाच बोल लावणार नाही. बायकोनं सांगितलं तसा तिला घेऊन घाट चढला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला. तपासण्या झाल्या. गाठीचा तुकडा काढून पाहिला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"सुगंधाताई, कॅन्सर आहे. लहान आहे, अजून एकाच जागी आहे. पण जात वाईट, फार वेगानं वाढणारी. म्हणून लगेच सुरू करायचं. आधी सलाईनमधून केमोची औषधं, मग ऑपरेशन."

"केस...?"

"जातील. पुन्हा येतील."

"आणि... ह्या?" तिनं छातीवरचा पदर धरला होता. एवढंच बोलता आलं तिला.

"गाठ आक्रसली तर कदाचित राहील. वचन नाही देत. पण तुम्ही वाचायची आशा चांगली आहे. आज चांगली आहे. थांबलात तर मला असं बोलता येणार नाही."

गाडी घाट उतरू लागली. सुगंधाच्या मनात काय होतं सांगू? मरण नव्हतं! अंबाड्यावरची वेणी होती. हळदीकुंकवाला बायका कुठं बघतील, ते होतं. नवरा पुन्हा जवळ घेईल का, ते होतं. तिला वाटत होतं, कोणीतरी यावं आणि म्हणावं — बाई गो, ह्यातलं काही करायची गरज नाही.

आणि घरी पोचल्यावर वासुदेव म्हणाला — त्यांची बोली मालवणी, मी आपला जमेल तशी बोलतो, हसू नका — "आपण माउलीक इचारूया."

मंडळी, सुगंधाला हायसं वाटलं! ही गोष्ट ध्यानात ठेवा. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. तिलाही तेच हवं होतं.

कौल लागला. गाव जमला. वासुदेवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं — "गे माउली! आजपर्यंत गावाचा बरा केलंस. आज तुझो गुरव पदर पसरता. माझ्या घरकारणीच्या अंगाक सुरी लावूक देऊ काय, त्याचो कौल दी!" गाव एका आवाजात म्हणाला — "व्हय म्हाराजा!"

सगळे श्वास रोखून बसले. उंबऱ्याबाहेर सुगंधा. तबक हातात, डोळे मूर्तीवर. आणि डावी पाकळी पडली!

वासुदेव लहान पोरासारखा रडला. सुटलो म्हणाला! गाव म्हणाला, देवीची कृपा. सुगंधानं जमिनीला डोकं टेकलं. मग गाठीला देवीचा भंडारा लावला, ओटी भरली, नवस बोलला. दवाखान्यातून फोन यायचा, तो वाजून वाजून बंद व्हायचा. ती उचलायची नाही. कशाला उचलायचा? देवीनं सांगितलंय ना!

पाऊस संपला, नवरात्र आलं. घटावर माळ चढवायची म्हणून सुगंधा दाराला वर बांधलेल्या दोऱ्यात फुलं ओवत होती. हात वर केला... आणि हात वर जाईना. काखेत काहीतरी दाटलेलं. दुसऱ्या हातानं चाचपलं. तिथंही गाठ!

पेटीवाले, सूर थांबवा जरा. हे ऐकू दे सगळ्यांना.

ती वासुदेवाकडे गेली. तो म्हणाला, "पुन्हा कौल लावूया." तेव्हा त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला अडवलं.

"काय इचारलास तुमी माउलीक? सुरी लावूक देऊ काय! खंयची आवस आपल्या चेडवाक कापूक व्हय म्हणात? माका जगूचा आसा, ह्या इचारलास काय?"

कळलं ना, मंडळी? कुठली आई आपल्या लेकीला कापायला हो म्हणेल! वासुदेव म्हणाला, "मी भियालंय गो."

"मी पण भियालंय! म्हणान तर गप रवलंय. भियालो आपण दोघांय, आणि नाव माउलीचा घेतला!"

आणि मग ती देवळाकडे गेली. उंबऱ्याशी उभी राहिली. हात जोडले. म्हणाली, "माउली, इचारूक नाय इलंय. सांगूक इलंय. मी जातंय."

गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी नव्यानं तपासण्या केल्या आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. गाठ काखेत गेली होती, यकृतावर गेली होती. "औषधं देऊ, ताई. दिवस वाढवू, त्रास कमी करू. पण मुळासकट जाईल असं मला आता म्हणता येत नाही."

सुगंधानं विचारलं, "तेव्हाच इलंय असतंय तर?"

डॉक्टरीणबाईंनी कागद मिटून ठेवले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. मंडळी, ह्याला म्हणतात उत्तर!

सुगंधानं औषधं घेतली. केस गेले. ज्या केसांसाठी थांबली होती ना, तेच गेले! उलट्या झाल्या, नखं काळी पडली, सगळं सोसलं. त्यावर पुढचं नवरात्र पाहिलं. त्याच्या पुढचं नाही.

वासुदेव आजही पूजा करतो. विहिरीचा कौल लावतो, लग्नाचा लावतो. पण कोणी आजारपण घेऊन आलं, की पाकळ्यांचं तबक बाजूला सारतो आणि भरल्या देवळात सांगतो — "माउलीन नको म्हटल्यान नाय. नको मी म्हटलंय. जावा, गाडी करा!"

मग देवी खोटी का हो? छे! अहो, गाठ बोराएवढी असतानाच ती तिच्या हाताला लावून दिली कोणी? ह्याहून उजवा कौल कुठला हवा होता? देवीनं सांगायचं ते न्हाणीघरातच सांगितलं होतं. आपल्याला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून आपण तिला पुन्हा विचारत बसलो!

आता तुमच्याकडे वळतो. इथं पदराआड हात दाबून बसलेली एखादी असेल. ठाऊक आहे तिला, कोणाला सांगितलेलं नाही. पोराची परीक्षा होऊ दे, सणवार होऊ दे, म्हणतेय. बाई, मला सांगू नकोस. घरी सांग. तो घाबरेल. घाबरू दे! तूही घाबर. आणि घाबरत घाबरतच उद्या गाडीत बस.

आणि बुवांनो, दादांनो, ती सांगेल तेव्हा देवाकडे बोट दाखवू नका. चपला घाला.

चला, टाळ घ्या. भजन म्हणू या. पण आज हळू म्हणा, मंडळी. शेजारी बसलेली काही सांगू लागली, तर ऐकू आलं पाहिजे.