इरिनाची गाववाली

आखातातल्या इंटरनॅशनल सिटीच्या बसस्टॉपवर पुढच्या दोघींचं मराठी ऐकून सुलक्षणाला माहेर भेटल्यासारखं झालं.

“उझमा, आमची रूममेट इरिना तिच्या देशाच्या वकिलातीत मतदानाला मुद्दाम गेली नाही. मी तिच्या गाववालीला सहज सांगून बसले.”

“मग त्यात काय?”

“इरिना पांढरीफटक पडली. म्हणाली, कम्युनिस्ट गेले, पण सरकारकडे चुगल्या पोचवणारे तेच आहेत. तिकडे आई एकटी आहे.”

“गाववालीच ना ती? आपण तर गाववाल्यांच्या भरवशावर इथे आलो.”

“त्यांच्यात गाववाल्यांनाच घाबरतात. सकाळपासून तिच्या आईचा फोन लागत नाहीये.”

“हुमेरा, हळू बोल. मागची बाई आपल्याकडचीच वाटते.”

‘मी चिपळूणची’ हे सुलक्षणाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती मान खाली घालून मोबाईल बघत राहिली.