खुर्चीला अडकवलेली पिशवी

—नॉर्मल होता म्हणून जुना रिपोर्ट घरीच ठेवलात? अहो, म्हणून तर आणायचा असतो! मिस्टरांना सांगितलंय ना फोटो पाठवायला, मग असू दे — पिशवी खुर्चीला नको, तिकडे स्टुलावर ठेवा. डाव्या कुशीवर वळा, हात उशाशी — जेल गार लागेल, सगळ्याच दचकतात. मशीनवाली बाई फार बोलते, असं सांगितलं असेल ना बाहेर? बोलतेच मी. गप्प बसले की स्क्रीनवर भलतंच दिसायला लागतं. काय दिसतं? काही नाही हो. श्वास धरा... सोडा.

हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचा टक्क्यांतला आकडा काढायचा — एवढंच माझं काम. स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीसाठी केमोचं ते लाल सलाईन देतात ना, ते काहींच्या हृदयाला बाधतं, म्हणून मध्ये मध्ये बघायचं. काहींच्याच हं, सगळ्यांच्या नाही — बघा, वाढले लगेच ठोके! माझी धाकटी जाऊ याच पलंगावर झोपायची. महाखट्याळ! म्हणायची, जाऊबाई, नीट बघा, तुमच्याबद्दल काय काय साठवलंय ते दिसेल आत. मी हसत होते आणि मोजत होते. चौपन्न आला. पन्नासच्या वर आहे ना? मग झालं — टाइप केलं, नॉर्मल. डॉक्टरांनी सही केली. जुना रिपोर्ट होता हो, तिच्या पिशवीत, या खुर्चीच्या पाठीलाच अडकवलेली होती पिशवी. मी उघडला नाही. घरचंच माणूस, कशाला बघायचं? नंतर बघितला, त्यात सहासष्ट होता. सहासष्टवरून चौपन्न — मधले बारा कुठे गेले, हे मी विचारायचं की कुणी? पुढची दोन सलाईनं लागली. मग तिला जिना चढवेना, मग आडवं होता येईना. गाठ गेली होती तिची, पूर्ण गेली होती — आणि ती हृदयानं गेली. दीर अजून सांगतात सगळ्यांना, वहिनीनं शेवटपर्यंत किती जपलं हिला. मी मान खाली घालून ऐकते. भीती वाटते मला, कुणी कुशीवर वळलं की तीच वळली असं वाटतं... तुम्हाला कशाला सांगत बसलेय मी हे?

वाजला बघा तुमचा मोबाइल. आला फोटो? दाखवा. त्रेसष्ट. बरं. श्वास धरा... सोडा. परत एकदा. परत.

पुसून घ्या. उद्या सलाईन आहे ना? डॉक्टरांना मी आत्ता फोन लावते, ते बोलेपर्यंत सुई टोचून घ्यायची नाही. लवकर कळलंय, यावर औषध असतं — रडू नका. काय लिहिलं? बावन्न लिहिलंय. शेजारी जुना त्रेसष्ट, ठळक. नॉर्मल? तो शब्द नाही लिहिला. उठा, कपडे नीट करा, बाहेर बसा... आणि ती पिशवी — ती खुर्चीला कुणी अडकवली? स्टुलावर होती ना तुमची? घ्या ती. घेऊन जा म्हणते ना.