पुढच्या चाकामागे

हसू नका, पण मी एकेकाळी पगारी सायकलपटू होतो. चांद्याच्या एका सायकल-दुकानदार शेठनं आम्हा चौघांची टीम काढली होती. सहा महिने झाले, एकही शर्यत जिंकलो नव्हतो. मूल गावच्या शर्यतीआधी शेठ म्हणाले, "आज हारले त टीम बंद."

आमची रीत ठरलेली. एकामागे एक, डोकं खाली, नजर पुढच्या चाकावर. वाऱ्याचा मार पुढच्यानं खायचा, मग पाळी बदलायची. त्या सकाळी जंगलात पातळ धुकं होतं आणि मोहाचा असा गोड वास, की पाय झोपेत फिरावेत तसे फिरत होते. मी पुढे होतो. एक सायकल मला ओलांडून गेली. वाटलं, आमचा सुदाम पाळी घ्यायला आला. लागलो त्याच्या चाकामागे, बाकीचे माझ्यामागे.

किती वेळ गेला कोण जाणे. चाक थांबलं. मान वर केली, तर समोर सारवलेलं अंगण आणि सायकलवरून उतरणारा धोतरातला अनोळखी म्हातारा. सुदाम माझ्या मागेच होता.

"काऊन भाऊ, पोरगी पाहाले आले का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाई बाबा," मी धापा टाकत म्हणालो, "आमची शर्यत सुरू हाये."

त्यानं रिकाम्या वाटेकडे शांतपणे पाहिलं.

"मंग तुमीच पयले. दुसरं कोनी इथी आलंच नाई."