चाक गार होईपर्यंत

नवरा: मी म्हणतो, आज परतच जाऊ. चाकातून धूर येतोय म्हणजे लक्षण काही बरं नाही.

बायको: धूर कुठे आहे? नुसता वास येतोय. आणि मिस्त्री बसलेत ना चाकापाशी, त्यांना बघू तर द्या.

मिस्त्री: हात लावू नका वहिनी, पोळेल. बरं झालं दादा इथेच थांबलात. अजून दहा किलोमीटर ओढली असती, तर चाक एकीकडे आणि बोट दुसरीकडे. ट्रॉलीचं डावं बेअरिंग गेलंय.

नवरा: म्हणजे दिवस गेला.

मिस्त्री: छे हो. अर्ध्या-पाऊण तासात रस्त्याला लावतो तुम्हाला.

नवरा: घाई नका करू. नीट बघा. हवं तर उजवं चाकही उघडून बघा.

मिस्त्री: असं म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटतंय. बाकीचे डोक्यावर उभे असतात, कधी होणार, कधी होणार.

बायको: आज ह्यांचं मन नाहीये. मी सोबत आलेय ना, म्हणून.

नवरा: तसं काही नाही. चाक तापलंय, उगाच धोका कशाला. मिस्त्री, बसवून झालं की आम्ही माघारी फिरतो.

मिस्त्री: फिराल कुठून? रस्त्याच्या मधोमध दुभाजक घातलाय. नुसती गाडी असती तर पुढच्या फटीतून वळवली असतीत. ही एवढी लांबलचक बोट मागे लावून वळायचं, तर थेट किनाऱ्यावरच्या मैदानातच.

नवरा: माहीत आहे मला.

मिस्त्री: वहिनी, एक विचारू? हे लाइफ-जाकीट घरूनच घालून निघालात? समुद्र अजून दोन तास लांब आहे.

बायको: सवय करतेय. आठ दिवस हे घालून भांडी घासली, कपडे वाळत टाकले. शेजारीण म्हणाली, नळाला पूर येणार आहे का. आज मी बोटीत बसणार आहे. चार वर्षांत समुद्राकडे ढुंकून बघितलं नाही, आज एकदम आतच जाणार.

मिस्त्री: चार वर्षं का बरं?

बायको: माझा धाकटा भाऊ ह्याच बोटीवरून पडला. हे होते सोबत. तिसऱ्या दिवशी सापडला.

मिस्त्री: अरेरे.

बायको: मग किनाऱ्यावरचं घर सोडलं आणि माझ्या माहेरी येऊन राहिलो. लाटांचा आवाज आला की जीव वर-खाली व्हायचा माझा.

मिस्त्री: आणि बोट मात्र ठेवलीत.

बायको: बोट म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. मीच म्हणाले, सोडू नका. फक्त एक अट घातली, मुक्कामाला बोट आपल्याच अंगणात हवी. अंगणात बोट दिसली की मला कळतं, आपला माणूस जमिनीवर आहे. म्हणून दर रविवारी चार तास ओढत न्यायची आणि चार तास ओढत आणायची.

नवरा: सगळं सांगायलाच हवं का सगळ्यांना?

मिस्त्री: असू द्या हो दादा. बोलता बोलता काम होतं. हे बघा, निघालं. जरा तो फडका द्या इकडे. हं. ही ट्रॉली रस्त्यापुरतीच वापरता का? समुद्रात उतरवायची दुसरी असेल घरी.

बायको: दुसरी कुठली? एकच आहे.

मिस्त्री: मग गंमतच म्हणायची. हे ग्रीस बघा वहिनी. काळं, करपलेलं. बोट उतरवायची तर ट्रॉलीची चाकं पाण्यात जातातच. खारं पाणी आत शिरलं की ग्रीस ताकासारखं पांढरं होतं. किनाऱ्यावरनं येणारं प्रत्येक चाक माझ्याच हाताखालून जातं, पांढऱ्याशिवाय दुसरं बघितलेलं नाही मी. इथे गंजाचा एक ठिपका सापडत नाही.

नवरा: मी धुतो. दर वेळी, गोड्या पाण्याने.

मिस्त्री: बाहेरून धुवाल हो. आतून कसं धुणार? कधी बसवलं होतं हे बेअरिंग?

बायको: दोन वर्षं झाली. मीच आणलं होतं, ह्यांच्या वाढदिवसाला. लोक बायकोकडून शर्ट घेतात, ह्यांनी बेअरिंग मागून घेतलं.

मिस्त्री: मग दोन वर्षांत ही बोट पाण्यात उतरलेली नाही. म्हणजे, उतरलेली नसावी. आपला माझा अंदाज. मी जरा आतून नवीन जोडी काढून आणतो.

(मिस्त्री आत जातो. रस्त्यावरून एक ट्रक जातो, त्याच्या मागून दुसरा.)

बायको: बोला.

नवरा: काय बोलू?

बायको: दर रविवारी आणायचात ते मासे कुठून यायचे?

नवरा: बाकीच्यांच्या बोटी लागतात ना किनाऱ्याला. त्यांच्याकडून घ्यायचो.

बायको: आणि शर्ट? दर सोमवारी मी धुवायचे तो शर्ट. मिठाचे पांढरे डाग असायचे त्याच्यावर.

नवरा: बुडवायचो. बोटी उतरवायच्या उतरणीच्या कडेला वाकून समुद्रात बुडवायचो, पिळायचो आणि पुन्हा अंगात घालायचो. वाळायला तासभर लागतो. वारा असला तर कमी.

बायको: दोन वर्षं?

नवरा: पावसाळा सोडून.

बायको: मी घरी फोन पुढ्यात घेऊन बसायचे. ‘निघालो’ असा तुमचा फोन येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही माझ्या. त्या वेळी तुम्ही कुठे असायचात?

नवरा: मैदानात. गाडीत बसून तू दिलेला डबा खात असायचो.

बायको: सगळा?

नवरा: सगळा. उरवून आणला असता तर तू विचारलं असतंस, बरं नाही का म्हणून.

बायको: का नाही सांगितलंत?

नवरा: तुझ्या माहेरी राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं खरंच उतरवायचो मी. शपथेवर सांगतो. मग एकदा खडकांच्या पलीकडे गेलो आणि मागे वळून बघितलं. सवयीने. तो बसायचा त्या फळीकडे. काहीतरी सांगायचं होतं मला त्याला. आणि मग इंजिनावरचा हात उचलेना. किती वेळ तसा होतो कोणास ठाऊक. कसाबसा किनारा गाठला. त्यानंतर ट्रॉली मागे मागे घ्यायचो, चाकं पाण्याच्या हातभर अलीकडे आली की पाय ब्रेकवर जायचा. तो पाय मी उचलूच शकत नाही.

बायको: अहो, मग घरी येऊन म्हणायचं ना, की बास झालं, मला नाही जमत.

नवरा: कोणत्या तोंडाने म्हणू? तू घर सोडलंस, शेजार सोडलास. निघताना मला म्हणालीस, ‘तुम्ही तरी सोडू नका. दोघांनी सोडलं तर तो नुसताच गेला असं होईल.’ आठवतंय?

बायको: तुमच्यासाठी म्हणाले होते ते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

नवरा: मला ते तसं ऐकू आलं नाही. आणि मग दर शनिवारी तू विचारायचीस, उद्या डब्यात काय देऊ.

बायको: कारण दर शनिवारी तुम्ही अंगणात दोऱ्या काढून बसायचात.

नवरा: तू डब्याचं विचारायचीस म्हणून काढायचो.

बायको: मला मेलीला वाटायचं, एवढी ओढ आहे ह्यांना, आणि आपण मध्ये येतोय. म्हणून हे जाकीट. म्हटलं, एकदा आपणच भीती मोडून काढू, म्हणजे ह्यांना मोकळेपणाने जाता येईल. आठ दिवस झोप नाही मला.

नवरा: मलाही नाही. तू येते म्हणालीस त्या दिवसापासून.

बायको: मला खूप राग आलाय तुमचा.

नवरा: येणारच.

बायको: आणि त्यातून हसू येतंय, त्याचा आणखी राग येतोय. वाढदिवसाला बेअरिंग.

नवरा: चांगलं होतं गं. दोन वर्षं टिकलं.

बायको: टिकणार नाही तर काय, फिरायलाच तर नेत होतात त्याला.

मिस्त्री: मिळाली बरं का जोडी. मुद्दाम वेळ नाही लावला, वरच्या फळीवर होती. सरका दादा. हे असं बसवायचं, ग्रीस सढळ हाताने भरायचं आणि झाकण ठोकायचं. झालं. आता एक लक्षात ठेवा. किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या ट्रॉली पाण्यात घालायची नाही. एवढ्या रस्त्याने चाक तापतं, आणि गरम चाक पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं. अर्धा तास उभी ठेवायची, मग झाकणाला हात लावून बघायचं. गार लागलं, की खुशाल उतरवा.

नवरा: दोन वर्षं तेच करतोय मी.

मिस्त्री: काय म्हणालात?

नवरा: काही नाही. चांगलं सांगितलंत.

मिस्त्री: मगाशी मी जास्तच बोललो वहिनी. माझ्या तोंडाला काही झाकण नाही, बायको नेहमी म्हणते.

बायको: नाही हो. बरं झालं उघडलंत. येतो आम्ही.

मिस्त्री: सावकाश जा.

बायको: चला, गाडी काढा.

नवरा: कुठे जायचं?

बायको: वळायला. वळायचं तरी तिथपर्यंत जावंच लागणार ना?

नवरा: आणि तिथे गेल्यावर?

बायको: मिस्त्रींनी सांगितलं तसं. अर्धा तास थांबायचं.

नवरा: मी एकटाच बसलोय आजपर्यंत तिथे. तू शेजारी असलीस तर कसं वाटेल, कळत नाही. पाय आत्तापासूनच ब्रेक शोधतोय माझा.

बायको: माझाही शोधतोय. जाकीट घातलंय म्हणून भीती दिसत नाही, एवढंच.

नवरा: अर्धा तास झाला की काय करायचं?

बायको: तुम्ही उतरायचं आणि चाकाला हात लावायचा. गार असलं तर सांगा, गार आहे. मी बोटीत बसेन. नाहीतर म्हणा, अजून गरम आहे. आपण बसून राहू.

नवरा: आणि अंधार पडेपर्यंत गरमच आहे म्हणालो तर?

बायको: मी हात लावून बघणार नाही.