टवका उडालेली वाटी

—नाही नाही, बसा हो, आंघोळीला गेलीय आमची ही, येईलच. येईलच म्हणजे, तिची आंघोळ आहे ती. आधी त्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, मग आतून हाका मारायच्या, टॉवेल द्या, हा नको तो द्या, तो ओला आहे. होईल, होईल. उपाशी आहे ती, तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं तसं, घोटभर पाण्याखेरीज काही नाही. पेटी ठेवा तुमची टेबलावर. वाट्या सरकवा तिकडे. नको, ती नका हलवू, ती राहू दे जागेवर, खाली पाण्याची ताटली आहे, सांडेल. ताई म्हटलं तर चालेल ना तुम्हाला? वयाने नातीएवढ्या आहात, पण सुई तुमच्या हातात. सुईवाल्याशी नातं मोठंच जोडावं माणसाने.

वाट्यांत होय? दह्याचं आइस्क्रीम आहे. आइस्क्रीम म्हणायचं नाही हं आमच्या घरात. फ्रोझन योगर्ट म्हणायचं. मला ते जिभेवर बसत नाही, मी आपला गोठलेलं दही म्हणतो, मग चिरंजीव तोंड असं करतात, जसं काय मी त्यांच्या साहेबाला अरे-तुरे केलं. चिरंजीव म्हणजे आमचा मुलगा, ज्याने तुम्हाला बोलावलं तो. हा लहानपणी घट्ट दुधाचा डबा पलंगाखाली नेऊन बोटाने साफ करायचा, डब्याच्या कडेने बोट कापलं तर आधी दूध चाटायचा आणि मग रडायचा. आता पाकिटाच्या मागचं वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. पुढे लिहिलेलं खोटं असतं म्हणे आणि मागे लिहिलेलं खरं. असेल. मला दोन्ही बाजू सारख्याच, मला वाचता येत नाही.

पण करायची तऱ्हा तुम्हाला सांगतो, शिकून घ्या, तुमच्याही घरात कोणी सुधारलं तर उपयोगी पडेल. दही घ्यायचं घट्ट, ते फडक्यात बांधायचं आणि बेसिनच्या नळाला टांगायचं. सकाळी तोंड धुवायला जावं तर समोर गाठोडं लोंबतंय आणि टपटप गळतंय, कुणाला फाशी दिल्यासारखं. मग फळं. स्ट्रॉबेरी, तुती, आणि ती निळी गोल, ब्लूबेरी. बर्फातली पिशवी मिळते. ती काट्यावर तोलायची. फळातही साखर असते म्हणे, लबाड असतात फळं. एखादी जास्त झाली तर परत पिशवीत टाकायची. भरल्या घरात फळ परत पिशवीत जाताना मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. मग सगळं मिक्सरमधून काढायचं आणि फ्रीजरमध्ये. आधी त्यात एक पूड घालायचे, साखर नसलेली साखर. गोड लागायची हो, नाही कशाला म्हणू, पण मागून तोंड गारठायचं, दात घासून उठल्यासारखं. तीही बंद झाली. का? तर जिभेची खोड मोडली पाहिजे. जीभ म्हणजे काय द्वाड पोर आहे का कोपऱ्यात उभं करायला? पण आपण कशाला बोला.

आणि मग ढवळायचं. खरं काम ते. दर थोड्या वेळाने बाहेर काढायचं, काट्याचमच्याने कडेचं आत घ्यायचं, परत ठेवायचं, नाहीतर आत बर्फाचे खडे होतात. हे कोणी करायचं? घरात ज्याला काही काम नाही त्याने. मी रंगारी होतो ना, जन्मभर भिंती रंगवल्या आणि डबे ढवळले, म्हणून सूनबाई म्हणाल्या, बाबांना द्या, बाबांचा हात बसलेला आहे. बसलाच आहे. ढवळतो. रंग मात्र झकास उतरतो हो, बघा, फिक्का जांभळा. याच रंगाने मी एकदा लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरची बाहेरची खोली काढली होती. त्याला वाटलं होतं, रंग बघून पोरं हसतील. पोरं काय, भिंतीकडे बघत रडायची.

घ्या ना चव. लाजू नका. चमचा जाणार नाही लगेच, दगड असतो, साखर नसली की असाच गोठतो, म्हणून आधी बाहेर काढून ठेवावं लागतं. तो वाकडा चमचा दिसतो ना त्या डब्यात, तो सूनबाईंनी वाकवला. चिरंजीव म्हणाले, बघा, किती दमाने खाल्लं जातं, हाच तर फायदा. दात पडला तर तोही फायद्यातच धरतील. — कसं लागलं? हं. तोंड नका लपवू, मीही असंच करतो. साखर म्हणाल तर या घरात एक कण सापडणार नाही तुम्हाला. झडती घ्या. चिरंजीवांनी स्वतः सगळे डबे पालथे घातले, धुतले, उन्हात ठेवले.

त्या दिवसापासून मुंग्या गेल्या. खरं सांगतो. ही फरशीची फट आहे ना, इथून पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या, भाडेकरू उठून जावेत तशा गेल्या. मला चुकल्यासारखं झालं. आणि मग एक दिवस बघतो तर दाराच्या उंबऱ्यापासून ओळ. शिस्तीत. कपाटाला वळसा घातला, खुर्चीच्या पायावरून चढली आणि थेट चिरंजीवांच्या ऑफिसच्या बॅगेत. मी काय केलं? मी बॅग झटकली. आत चॉकलेटचा चांदीचा कागद होता, त्याची घडी नीट घातली आणि होता तिथे ठेवला. काय म्हणायचं? पोराची लाज ती आपली लाज. पुढच्या आठवड्यात दुसरी ओळ लागली, ती धुण्याच्या पावडरच्या डब्याकडे. आता धुण्याच्या पावडरला मुंग्या? झाकण उघडलं तर वर पिशवीत बिस्किटं. सूनबाई. बिस्किटांना साबणाचा वास लागत असणार, पण मोक्ष असा सुखासुखी मिळत नाही. मुंगीला काही वाचता येत नाही, माझ्यासारखीच ती. पण पाकिटात काय आहे ते तिला मागची बाजू न बघता कळतं.

—अगं हो! आल्यात त्या! थांबल्यात! सावकाश ये, पाय जपून टाक!

ऐकलंत? आवाज ऐकलात? हा आवाज नव्हता हो गेल्या थंडीनंतर. बोट गेलं ना तिच्या पायाचं, साखरेने. दवाखान्यातून आली ती मुकी होऊन आली. भिंतीकडे तोंड करून निजायची. जेवण नको, पाणी नको, काही विचारलं तर हं. आमची ही म्हणजे, ताई, अशी की मी शेजाऱ्याची भिंत रंगवत असलो तरी हिचं बोलणं मला शिडीवर ऐकू यायचं. आणि तिचं हं. चिरंजीवांनी हे दही आणलं घरात ते तिच्यासाठीच, खोटं कशाला बोला, माया आहे त्याला, फक्त ती तो काट्यावर तोलून देतो. पहिल्या दिवशी वाटी तिच्यापुढे ठेवली. एक चमचा घेतला तिने, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, यापेक्षा राहू दे. दह्याला म्हणाली की कशाला म्हणाली, कळलं नाही मला. विचारायचं धाडस नाही झालं.

मग पुढे खायला लागली. लागली आपली. वाटी पुसून खाल्ली एक दिवस आणि वर बघून म्हणाली, तुम्ही ढवळलंत का हो हे? गुठळ्या आहेत नुसत्या, एवढी वर्षं लोकांच्या भिंतींना असाच रंग फासलात का? अहो, काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभा राहिलो. तेव्हापासून बोलणं जे सुरू झालंय ते आजतागायत. चालते, फिरते, भांडते. परवा तर चपलेत खडा घेऊन दिवसभर हिंडली. संध्याकाळी मी चपला ठेवायला गेलो तर हा एवढा अणकुचीदार खडा आत. म्हटलं, अगं, हा काय? तर म्हणते, हा कुठून आला बाई? मी म्हटलं, तुझं बोलणं ऐकायला बसला असेल, दमला बिचारा. काय हसलो दोघं!

—का हो? हसला नाहीत तुम्ही.

असो. तुमचं ते रक्त, त्यात तीन महिन्यांचं सगळं दिसतं म्हणे? कालचंच नाही, मागचंही? म्हणजे काल उपाशी राहिलं तर भागत नाही. हं. नाही, आपलं विचारलं. त्याचं असं आहे, मागच्या खेपेला आकडा वर आला. चिरंजीव म्हणाले, आई चोरून खाते. ती म्हणाली, मी एक कण खाल्ला असेल तर हात झडो. तो म्हणाला, मग कुठून वाढली? सगळं घर तिच्याकडे बघतंय. चॉकलेटवाला बघतोय, पावडरीतल्या बिस्किटांवाली बघतेय. मीही बघतोय. आता या खेपेला वर आला की ते टेकडीवरचं पथ्याचं घर आहे ना, तिथे ठेवणार तिला. नाव घालून ठेवलंय. चांगलं आहे म्हणतात, नर्स आहेत, खिडकीतून झाडं दिसतात, रविवारी भेटता येतं. रविवारी! बाकीचे वार काय मी भिंतीशी बोलू? भिंतीशी माझं जन्मभर झालंय बोलून.

ताई, एक विचारू? रक्त सगळ्यांचं लालच ना? नाही, म्हटलं, इतकी वर्षं एका घरात, एका ताटातलं खाल्लेलं, त्यात फरक असा काय असणार. हा माझा हात बघा. शीर कशी वर आलीय, रंगाऱ्याची शीर, शोधावी लागायची नाही. ती आंघोळीत आहे तोवर — थट्टा हो! थट्टा करतोय. म्हातारा माणूस, करमणूक काय दुसरी.

गंमत सांगतो एक. परवा चिरंजीवांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि आम्हाला प्रवचन दिलं. बघा बाबा, जिभेला सवय लागली की हेच दही आपोआप गोड लागतं, आज मला किती गोड लागलं! आणि मऊ पण किती झालंय, तुमच्या हाताला गुण आलाय. ऑफिसात चौघांना सांगितलं म्हणे. मी मान हलवत होतो आणि त्याच्यापुढची वाटी उचलून न्यायला बघत होतो. कारण सूनबाईंनी वाट्या बदलल्या होत्या. त्या झाकणांवर नावं लिहितात, ती मला कुठली वाचता येतात, मी आपला टवका उडालेली वाटी तिची, असं धरून चालतो. आणि त्या दिवशी टवक्याची गेली त्याच्यापुढे आणि हिला मिळाला दगड, ही बसली रुसून —

म्हणजे, तसं नाही. सगळ्या वाट्यांत एकच असतं. कुठली कुणालाही गेली तरी काय. मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं.

काय बघताय? ती होय. तीच ती, टवक्याची. मऊ दिसते ना? तिची आहे, रक्त दिल्यावर खायची म्हणून काढून ठेवलीय. पाणी? अहो, जुना उपाय आहे, ताटलीत पाणी घालायचं आणि मधे वाटी ठेवायची. मुंग्या लागत नाहीत. मुंगीला कुठे पोहता —

हं.

बाकीच्या वाट्यांखाली पाणी नाही. बरोबर आहे. नुसत्या दह्याला मुंगी कशाला येईल.

साखर नाही हो त्यात! आईशपथ नाही. मध आहे. एक चमचा, चहाचा, फार झालं तर दोन. ती खोकल्याच्या औषधाची बाटली दिसते ना फ्रीजवर, त्यात असतो. पण मध म्हणजे काही साखर नव्हे. साखर कारखान्यात होते, मध माश्या करतात, फुलांवरून आणून. औषधात देतात की मध! चिरंजीव म्हणाले साखर बंद. मध बंद असं कोण म्हणालं? — मान का हलवताय? सारखंच? आत गेल्यावर सारखंच होतं? मग आधी सांगायला नको का कोणी! पाकिटाच्या मागे लिहून काय उपयोग!

मग लपवलंत कशाला, असंच ना? तुम्ही काही बोलला नाहीत, तुमच्या भुवया बोलल्या. औषधाच्या बाटलीत कशाला, ताटलीत पाणी कशाला. हं. असं उघडं पाडू नये म्हाताऱ्याला. ती हात झडो म्हणाली, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

तो खडा, ताई. तो टोचायला पाहिजे होता का तिला?

साखरेने पाय बधिर होतो म्हणता?

उठतो मी. थांबा, द्या ती वाटी इकडे. ताटलीसकट. ही बघा, गेली बेसिनमध्ये. नळ सोडू दे जरा. कशी पटकन जाते बघा, मऊ ना. चिरंजीवांना मीच सांगेन. ते आले की त्यांची ऑफिसची बॅग मधे ठेवून सांगेन, म्हणजे ओरडताना जरा जपून ओरडतील. आकडा येईल तो येवो. टेकडी तर टेकडी. रविवारी जाईन, वाटीभर दगड घेऊन. माझा हात काय बघताय, मी केव्हाच मागे घेतला तो. तिचंच घ्या. आणि पाऊलही बघा तिचं, त्या खड्याच्या जागी. मला विचारू नका, तिला विचारा.

—आलीस? ये, इथे बस, उजेडात. या ताई. — वाटी? नाही गं, आज ती नाही. सांडली माझ्या हातून. — हो, सगळी. — हो, आंधळाच आहे मी. — धांदरटही. — माझ्यातलं खा ना, दगड आहे पण दोघं मिळून फोडू. मीही आजपासून तेच खाणार आहे. — आंबट तर आंबट. बोल, थांबू नकोस, मन भरेपर्यंत बोल.

ताई, बघत काय बसलात? टोचा.